पटरीवरचा सडा

खलबत्त्यात काहीतरी टणकन आपटलं आणि दुपारची शांतता मोडली. माझा मधू नुकताच झोपला होता. त्याच्या पापण्या थरथरल्या, मूठ उघडली, पुन्हा मिटली. आवाज शेजारच्या परसातून येत होता. अनुसयाकाकू रांगोळीचा दगड कुटत होत्या. आधी मोठे तुकडे, मग बारीक, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं. जेवणं झाली की त्या हे काम काढायच्या, कारण तेव्हा रस्त्यावर ट्रक कमी असत आणि भुकटीत धूळ उडून येत नसे.

मी मधूच्या पाठीवर हात ठेवून ऐकत पडले होते. मला उठून त्यांच्याकडे जायचं होतं आणि सांगायचं होतं, काकू, आता दारापुढे रांगोळी काढू नका. एका बाईनं दुसऱ्या बाईला हे कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

आमच्या घरांची ओळ भरवेलीकडून बालाघाटात येणाऱ्या रस्त्याला लागून होती. भिंतीला भिंत, पायरीला पायरी. नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो, त्याला दहाएक वर्षं होऊन गेली होती. ओळीत बोलणं अजून मराठीतच चालायचं, पोरं मात्र भांडायला लागली की हिंदीत भांडत. भरवेलीची खाण वाढली तसे ट्रक वाढले. मँगनीजची काळी ढेकळं भरून ते दिवसभर स्टेशनाकडे जात. त्याच रस्त्यानं पाळीवर जाणारे सायकलवाले, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, शाळेची पोरं. ज्याचा आवाज मोठा त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची, असा रिवाज पडला होता.

अनुसयाकाकूंचा मुलगा तेजराम भरवेलीच्या खाणीत कामाला होता. एका संध्याकाळी पाळी संपवून सायकलनं घरी येताना मागून ट्रक आला. तो बाजू द्यायला गेला, आणि बाजू नव्हतीच. एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला घरांच्या पायऱ्या. गुडघ्याखालून पाय गेला. आता तो स्वतःच्याच पायरीवर बसून लोकांच्या सायकलींची पंक्चरं काढायचा. घरासमोर पडला म्हणून आईनं पहिली हाक ऐकली, एवढंच त्यातल्या त्यात बरं, असं लोक म्हणायचे. ते बरं कसं, ते मला कधी कळलं नाही.

आमच्या घरातले, म्हणजे गुणाकर, रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. तेजरामच्या अपघातानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. रस्त्याच्या कडेला पटरी करायची. वीतभर उंच, मुरूम टाकून धुम्मसानं ठोकलेली, कडेला चुना लावलेले दगड, दोन्ही टोकांना उतार. पायी चालणारे आणि सायकलवाले पटरीवरून, ट्रक खालून. वरच्या साहेबांनी आमच्या ओळीपुरता तुकडा करून पाहायला परवानगी दिली. लोकांनी वापरला तर पुढे स्टेशनापर्यंत नेऊ, नाही वापरला तर उखडून टाकू आणि रस्ता तेवढा रुंद करू. ट्रकवाल्यांना रुंदच हवा होता.

दिवाळीआधी पटरी झाली. आणि तिच्यावरून कोणी चालेना.

म्हणजे टोकाला चढायचे सगळे. दुकानांपाशी चढायचे, चार पावलं यायचे, आणि आमची घरं लागली की खाली रस्त्यावर उतरायचे. घरं संपली की पुन्हा वर. सायकलवालेही तसंच करायचे. गुणाकर संध्याकाळी कोपऱ्यावर उभे राहून बघत आणि घरी येऊन जेवताना तेच काढत.

"उंची जास्त झाली का?" ते मला विचारायचे. "मुरूम टोचतो का पायाला?"

"मला तर नाही टोचत."

"मग सवय नाही लोकांना. दुसरं काय."

त्यांनी पाटी लावली. हिंदीत, मोठ्या अक्षरात, पैदल और साइकिल इधर से. दुसऱ्या दिवशी तेजरामनं त्यांना पायरीवरूनच सांगितलं, "भाऊसाहेब, पाटी झ्याक झाली. लोक थांबतात, वाचतात, मंग खाली उतरतात."

हे हसले नाहीत. परवा साहेब बघायला येणार असा निरोप आला होता.

उतरण्याचं कारण मला त्या दिवशी सकाळी कळलं. मधूला कडेवर घेऊन मी ललिताला शाळेत पोचवायला निघाले होते. ललिता पहिलीत. पाटी-पुस्तकाची पिशवी तिच्या गुडघ्यांवर आपटायची. आम्ही पायरीवरून पटरीवर आलो, आणि अनुसयाकाकूंच्या दारापाशी माझे पाय आपोआप खाली उतरले. ललिताचा हात माझ्या हातात होता, म्हणून तीही उतरली. मागून ट्रकचा भोंगा वाजला. पुढून प्रेमलाल दूधवाला सायकलवर येत होता, तोही काकूंच्या पलीकडच्या कमलच्या दाराला वळसा घालायला खाली आलेला. त्यानं हँडल फिरवलं, कॅन चुन्याच्या दगडावर घासला, आणि ट्रक आमच्या अंगावरून वारा फेकत गेला.

"भाभी, सँभल के," प्रेमलाल म्हणाला. दूध सांडलं नव्हतं. त्यानं झाकण दाबून पाहिलं आणि निघून गेला.

मी तिथेच उभी राहून पटरीकडे बघितलं. कमलच्या दारापुढे सडा टाकलेला होता आणि त्यावर मोर काढला होता, पिसाऱ्यासकट. मोर पटरीभर होता. त्याच्या अलीकडे अनुसयाकाकूंचं कमळ. मोराच्या पुढे कोणाची तरी पानं-वेली. अगदी आमच्या दारापुढेसुद्धा माझीच छोटीशी स्वस्तिकं. पाय ठेवायला जागा म्हणून नव्हती. रांगोळीवर पाय कोण ठेवील? मी नाही ठेवला, प्रेमलालनं चाक नाही चढवलं. पाटी वाचून लोक खाली उतरत होते ते अडाणी म्हणून नव्हे, रीतभात होती म्हणून.

पटरी झाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी अनुसयाकाकूंनी तिच्यावर शेणाचा सडा टाकला होता. मग कमलनं. मग ओळभर. मार्गशीर्ष लागला तशा रांगोळ्या मोठ्या झाल्या, कोणाची मोठी याची थोडी चुरसही लागली. एकीनं दुसरीचं पाहून ठिपके वाढवले. गुणाकर रोज कोपऱ्यावर उभे राहून पाय बघत होते, जमीन त्यांनी बघितलीच नव्हती. ती तर घराघराची नेहमीची सकाळ होती.

म्हणून दुपारी त्या खलबत्त्याचा आवाज ऐकत मी पडले होते. मधू गाढ झोपला तशी उठले आणि परसातून पलीकडे गेले.

"किती बारीक कुटता, काकू."

"जाड राह्यली त चिमटीतून सरकत नाही वो. बस. पोरगा निजला?"

"निजला."

"मंग तू बी निजाची होती. आली काहून?"

मी सांगितलं. सकाळचा ट्रक, प्रेमलाल, मोर. परवा साहेब येणार, पटरीवर कोणी चालताना दिसलं नाही तर ती उखडणार, हेही सांगितलं. काकूंनी बत्ता खाली ठेवला आणि हातावरची पांढरी भुकटी फुंकली.

"माह्या रांगोळीनं लोक उतरतात म्हणतेस?"

"सगळ्यांच्याच. माझ्यासुद्धा."

"मी कोणाले नाही म्हणलं काय? चालू दे न. पुसली त पुसली, सकाळी दुसरी काढीन."

"तुम्ही म्हणता, पण पाय कोण ठेवेल?"

"थांब, आत्ताच सांगून पाह्यते."

त्या उठून पुढच्या दारात गेल्या. मी मागून. तेजराम पायरीवर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. एक बाई डोक्यावर सरपण घेऊन येत होती. कमळापाशी आली आणि उतरायला लागली.

"ओ बाई, वरूनच जा न. माही हाय रांगोळी. मी म्हणते न, जा."

बाई थांबली. भारा सावरत म्हणाली, "नाही माय. एवढी मन लावून काढली, मी पाय देऊ काय?" आणि उतरली.

मग एक म्हातारा आला. काकूंनी त्यालाही सांगितलं. त्यानं कमळाला हात जोडले आणि खालून गेला. मग खाणीतला एक पोऱ्या सायकलवर. "अम्मा, इसपे चक्का कैसे चढाऊँ? लक्ष्मी है," असं म्हणत त्यानं वळसा घातला.

तेजराम ट्यूब पिळत म्हणाला, "माय, आता एकच राह्यलं. लोकाईच्या पाया पड."

"तू गप बस. ट्यूब पाह्य आपली."

काकू पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी. समोरून ट्रक गेला की बोलणं थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं.

"मी लग्न होऊन आली," त्या म्हणाल्या, "तवा इथं अंगण होतं. ह्या पायरीपासून त्या रस्त्यापलीकडच्या दगडापर्यंत. तुळस तिथं होती, जिथून आता ट्रकाचं चाक जाते. सासूनं सडा टाकाले शिकवलं त तिथंच. मंग रस्ता वाढला. पुढं अजून वाढला. तुळस मागं नेली. घरातून पाय काढला का रस्ता, असं झालं. इतके वर्स मी सडा टाकला तो मोरीपाशी, सांग कोणाले दिसते? अन् तुह्या मालकानं ही पटरी केली. मले वाटलं, अंगण वापस आलं."

"ती पटरी आहे, काकू," मी म्हटलं.

"हौ. दिसते न मले."

"परवाच्या दिवसापुरतं राहू द्या. साहेब बघून जातील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ललिता काहीतरी येडपट बोलली की मी बघते तसं.

"एका दिवसानं का होते वो? साहेब जाईन, मी काढीन, लोक उतरतीन. तुही पोट्टी रोजच शाळेत जाते न? का परवाच जाते?"

तेजरामला बुडबुडा सापडला होता. त्यानं भोकावर बोट दाबून धरलं होतं.

"अन् पटरी उखडली त?" काकूंनी विचारलं.

"मग रस्ता या पायरीपर्यंत. पहिल्यासारखा."

"म्हंजे उखडू दिली तरी अंगण गेलं, ठेवली तरी गेलं." त्या उठल्या. "जा, पोरगा उठला असन."

मधू खरंच उठला होता. रात्री जेवताना मी गुणाकरांना रांगोळीचं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आणि मी मुरमाला दोष देत होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "मी सांगू का घरोघरी?"

"तुम्ही सांगितलं तर सरकारनं सडा बंद केला म्हणतील."

"हं," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

साहेब यायच्या सकाळी मी दार उघडलं तर काकूंच्या दारापुढे रांगोळी. नेहमीपेक्षा मोठी. पायरीपासून थेट चुन्याच्या दगडांपर्यंत कमळाच्या पाकळ्या, पाकळीत पाकळी, मधे हळद-कुंकू. सडा अजून ओला होता. कमलचा मोरही होताच, त्या दिवशी त्याच्या शेजारी लांडोर आली होती. मी माझ्या दारापुढे काहीच काढलं नव्हतं आणि त्या ओळीत आमचं दार सुतकातल्यासारखं दिसत होतं. गुणाकर इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाच कोपऱ्यावर गेले होते.

ललिताची वेणी घालत होते तेव्हा काकू दारात आल्या. अनवाणी. नऊवारीचा पदर खोचलेला.

"पोट्टी दे. आज शाळेत मी नेते."

"काकू, तुम्ही कशाला."

"दे म्हणलं न."

त्यांनी ललिताचा हात धरला. मी मधूला घेऊन मागोमाग गेले. पटरीवरून त्या स्वतःच्या दारापर्यंत आल्या. ललिता सवयीनं खाली उतरायला लागली, तर काकूंनी हात सोडला नाही.

"वरून."

"आजी, पाय लागन."

"लागू दे."

आणि त्यांनी आधी स्वतःचा पाय टाकला. कमळाच्या मधोमध, हळद-कुंकवावर. ओल्या सड्यात पाऊल उमटलं. ललितानं माझ्याकडे वळून बघितलं. मी मान हलवली. तिनं मोकळ्या हातानं फ्रॉक वर धरला, जणू पाण्यातून जायचं आहे, आणि चवड्यांवर चालत गेली.

पुढे मोर. काकू थांबल्या नाहीत. पिसाऱ्यातून आरपार. कमल दारातच होती, हातात चहाची कपबशी.

"काकू! माह्या मोरावरून काहून गेल्या?"

"माह्या कमळावरून तू जा. फिट्टंफाट."

"तुमची तुम्ही पुसा न! दुसऱ्याच्या दारातली पुसतात का कोणी? सणवाराचे दिवस हायेत."

"पुसली नाही वो. चालली."

"सांगून तरी याचं होतं."

"सांगतलं असतं त का मोर उचलून घरात ठेवला असता?"

तेजराम पायरीवरून हसला. कमल त्याच्यावर उलटली, "तुम्ही काय हसता? तुमच्या आईनं उद्या चुलीवरून चालत जावं, मग हसा." कपबशी आत ठेवायला गेली आणि पुन्हा बाहेर आली. तोवर काकू पुढच्या घरच्या पानं-वेलींवरून गेल्या होत्या. त्या घरची बाई दारात नव्हती म्हणून तिथे भांडण झालं नाही. संध्याकाळी झालं.

मागून शाळेच्या मुली येत होत्या. त्या मोरापाशी थांबल्या. मोर मोडलेला होता, मधून दोन मोठी पावलं आणि दोन छोटी. मोडलेल्या रांगोळीला कोणी वळसा घालत नाही. त्या मुली सरळ आल्या. त्यांच्या मागून डबे हलवत खाणीवर जाणारे. पहिला सायकलवाला चुन्याच्या दगडांपाशी रेंगाळला.

"चलो भाई," तेजराम ओरडला, "आज से खुला है."

सायकल वर राहिली. तिच्या मागून दुसरी.

साहेब उन्हं वर आल्यावर आले. जीपमधून उतरले, पटरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, पुन्हा परत आले. त्यांच्या बाजूनं लोक चालत होते, सायकली जात होत्या, खालून ट्रक जात होते. मुरमावर पांढरा, पिवळा, लाल असा सगळा मिळून एकच रंग माखला होता. साहेबांनी बुटानं तो जरा खरवडला.

"ये क्या गिरा है?"

"रंगोली है, सर. औरतें डालती हैं."

"अच्छा," साहेब म्हणाले. जीपमध्ये बसताना एवढंच बोलले की चल तो रहे हैं लोग. महिन्याभरानं पुढचा मुरूम आला. पटरी स्टेशनाकडे सरकू लागली.

कमल आठ-दहा दिवस काकूंशी बोलली नाही. एकदा तिनं पुन्हा मोर काढून पाहिला, दुपारपर्यंत तो चाकांखाली गेला. मग तिनं उंबऱ्याला नुसती बॉर्डर ओढली आणि भाजी चिरून देण्याच्या निमित्तानं काकूंकडे आली. ओळीतल्या सगळ्यांच्याच रांगोळ्या हळूहळू पायरीवर चढल्या. काकूंच्या पायरीवर तेजराम बसतो, त्याच्या कुबड्या असतात, पंक्चरचं घमेलं असतं. उरलेल्या कोपऱ्यात त्या ताटलीएवढं काहीतरी काढतात. परसात कोणी बघायला नसतं तिथे मोठं काढतात की नाही, हे मी कधी डोकावून पाहिलं नाही.

त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. मधूला दुपारी घेऊन जातात, तेल लावून परत आणतात. फक्त सकाळी पूर्वी दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायच्या, ते आता दिसत नाहीत. त्या वेळी त्यांना आत काहीतरी काम निघतं.

ललिता आता पटरीवरून पुढे पळते. परवा एका हातात पिशवी, दुसरा माझ्या हातात, अशी चालली होती. काकूंच्या दारासमोर आली आणि एकदम थांबली. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, मी तिला कडेला ओढलं.

"आई, हे आजीचं अंगण हाय न? ती त्या दिवशी शाळेत नेताना मले सांगून राह्यली होती, तुळस होती म्हणून."

"हो. होतं."

ती पायाखालच्या मुरमाकडे बघत राहिली, मग बंद दाराकडे.

"मंग आपण रोज तिच्या अंगणातून जातो, तर तिले विचारत काहून नाही?"